प्रिंटर गप्प का झाला?

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे नगर मराठी माणसाला तसे परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमच्याच एका मराठी कुटुंबात जन्मले. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथील सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लहानशा घरात गेले. अशा या मंदिरांच्या आणि विद्येच्या गावी १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ या नावाने एक बँक सुरू झाली. तीच आजची सिटी युनियन बँक. तिचे मुख्यालय अद्यापही कुंभकोणमलाच आहे.

या बँकेत ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एक प्रिंटर चालेनासा झाला.

प्रिंटर बंद पडणे ही काही वृत्तपत्रांत छापून यावी अशी घटना नव्हे. जेथे संगणक आहे तेथे ती अधूनमधून घडतेच. कागद अडकतो, शाई संपते, तार सैल होते, कोणाच्या तरी हातून एखादी सेटिंग बदलली जाते. कर्मचारी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो, तेवढ्याने भागले नाही तर संगणक विभागाला कळवितो आणि हातातील दुसऱ्या कामाकडे वळतो. या वेळीही प्रणालीतील किंवा नेटवर्कमधील काही बिघाड असावा, असेच प्रथमदर्शनी वाटले. परंतु दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारीला, नेहमीप्रमाणे व्यवहारांचा ताळमेळ घेताना असे आढळून आले की, बँकेने कधीही न दिलेले तीन आदेश तिच्याच नावाने परदेशी बँकांकडे रवाना झाले आहेत. त्यांची एकूण रक्कम वीस लाख डॉलरच्या घरात होती. प्रिंटर आपणहून बिघडला नव्हता. तो गप्प करण्यात आला होता.

संगणकातील किरकोळ बिघाड कसा दुरुस्त करावा, हे कोणतेही माहितीपुस्तक सांगते. मात्र किरकोळ दिसणारा बिघाड खरोखरच किरकोळ आहे किंवा नाही, हे कसे ओळखावे याचा विचार क्वचितच होतो. कुंभकोणमच्या बँकेची ही घटना त्या विचाराला प्रवृत्त करते.

पोच देणारे यंत्र

ही घटना समजण्यासाठी प्रथम त्या प्रिंटरचे काम समजून घ्यावयास हवे. एका देशातील बँक दुसऱ्या देशातील बँकेला पैसे देण्याचा आदेश पाठविते, तो बहुधा ‘स्विफ्ट’ या संदेशवहन व्यवस्थेमार्फत. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही सहकारी संस्था आज दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांहून अधिक संस्थांना जोडते. स्विफ्ट स्वतः पैसे नेत नाही, ती फक्त संदेश नेते. पैशांची हालचाल त्या संदेशाच्या आधारे बँका आपापल्या खात्यांत करतात. त्यामुळे संदेश खरा आहे, हीच या व्यवहाराची सारी भिस्त असते.

जुन्या काळी महत्त्वाचे पत्र रजिस्टर टपालाने धाडले की त्यासोबत पोचपावतीचे कार्ड जोडीत असत. ते कार्ड सहीनिशी परत आले की पाठविणारा निश्चिंत होई. स्विफ्टच्या व्यवहारातही असेच घडते. संदेश गेला की त्याची पोच येते. अनेक बँकांत ही पोच आपोआप कागदावर छापली जाई आणि संबंधित अधिकारी तो कागद आपल्याकडील मूळ आदेशाशी पडताळून पाहात असे. आपण दहा आदेश दिले आणि अकरा पोचपावत्या आल्या, तर अकरावा आदेश कोणी दिला, हा प्रश्न तत्काळ उभा राहतो.

म्हणजे कोपऱ्यातील तो प्रिंटर केवळ कागद छापणारे यंत्र नव्हता, तर गस्तवाला होता. गस्तवाल्याची शिटी ऐकू येत नसेल, तर त्याला झोप लागली आहे एवढेच समजून स्वस्थ राहणे धोक्याचे असते. चोरट्यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी खोटे आदेश तर पाठविलेच, पण त्यांच्या पोचपावत्या बँकेला दिसू नयेत म्हणून प्रिंटर निकामी केला.

तीन आदेशांपैकी पहिला पाच लाख डॉलरचा होता. तो न्यूयॉर्कमार्गे दुबईतील बँकेकडे निघाला होता. ही रक्कम वेळीच अडविण्यात येऊन परत मिळाली. दुसरा आदेश तीन लाख युरोचा असून तो फ्रँकफर्टमार्गे तुर्कस्तानात गेला आणि तेथील बँकेने ती रक्कम रोखून धरली. तिसरा दहा लाख डॉलरचा आदेश न्यूयॉर्कमार्गे चीनमधील एका बँकेत पोहोचला आणि त्याच्या वसुलीसाठी बँकेला पुढे पाठपुरावा करावा लागला. ही सारी माहिती बँकेने स्वतःहून जाहीर केली, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. लपविलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही.

ढाक्याची पूर्वसूचना

गप्प झालेल्या प्रिंटरची ही पहिलीच कथा नव्हती. बरोबर दोन वर्षांपूर्वी, ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे पस्तीस खोटे आदेश गेले. त्यांची एकूण रक्कम होती सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, ढाक्यातील अधिकाऱ्यांना स्विफ्टचा प्रिंटर बंद असल्याचे दिसले. आदल्या दिवशीच्या संदेशांचे कागद तेथे नव्हते. बांगलादेशात शुक्रवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस. बिघाड नेहमीचाच असावा असे समजून दुरुस्ती पुढच्या दिवसावर गेली.

शनिवारी यंत्रणा कशीबशी पुन्हा सुरू झाली आणि न्यूयॉर्कहून आलेल्या शंकांचे कागद बाहेर पडू लागले. पण तोवर न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची सुटी सुरू झाली होती. सोमवारी फिलिपाइन्समधील बँकेला रक्कम थांबविण्याचा संदेश गेला, तर तेथे चिनी नववर्षाची सुटी होती. पस्तीसपैकी पाच आदेश पार पडले. त्यांतील दोन कोटी डॉलरचा श्रीलंकेस गेलेला आदेश लाभधारकाच्या नावातील ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या स्पेलिंगची चूक लक्षात आल्याने अडला आणि ती रक्कम वाचली. फिलिपाइन्सला गेलेले आठ कोटी दहा लाख डॉलर मात्र हातचे गेले. त्यांतील थोडाच भाग पुढे परत मिळाला.

ढाका आणि कुंभकोणम या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. बिघाड दोन्हीकडे सारखाच होता आणि प्रथमदर्शनी झालेला समजही जवळजवळ सारखाच होता. फरक पडला तो बिघाड दिसणे आणि हिशेब तपासला जाणे यांमधील अंतराचा. ढाक्यात ते अंतर सुट्यांमुळे काही दिवसांचे झाले. सिटी युनियन बँकेत दुसऱ्याच दिवशी नेहमीचा ताळमेळ घेतला गेला आणि तीनपैकी दोन रकमा वाटेतच थोपविता आल्या. तेथे तारून नेले ते यंत्राने नव्हे, तर रोजच्या सवयीने.

दोन बाइटांची करामत

ढाक्याच्या प्रकरणाशी संबंधित मानल्या जाणाऱ्या घातक प्रोग्रामचे विश्लेषण ‘बीएई सिस्टिम्स’ या ब्रिटिश कंपनीच्या तज्ज्ञांनी एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील तपशील सामान्य वाचकालाही विचारात पाडणारे आहेत. स्विफ्टच्या स्थानिक सॉफ्टवेअरमध्ये एका ठिकाणी तपासणीची पायरी होती. तपासणी अयशस्वी झाली तर पुढे जाऊ नये, अशी आज्ञा तेथे लिहिलेली होती. चोरट्यांच्या प्रोग्रामने संगणकाच्या स्मृतीतील त्या आज्ञेचे अवघे दोन बाइट बदलून त्या जागी ‘काहीही करू नये’ अशा अर्थाची आज्ञा बसविली. दाराची कडी काढून तिच्या जागी कडीचे चित्र रंगवावे, तसा हा प्रकार होता. बाहेरून पाहणाऱ्याला दार बंदच दिसते.

हाच प्रोग्राम छपाईसाठी निघालेले पोचसंदेशही वाटेत अडवीत असे. म्हणजे प्रिंटरला वीज होती, कागद होता, शाईही होती. नव्हता तो फक्त त्याच्यापर्यंत पोहोचणारा संदेश.

ढाक्याहून आणि कुंभकोणमहून महाराष्ट्रात यायचे, तर पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची घटना आठवते. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेस, या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. त्यांतील सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएममधून काढले गेले आणि १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगला गेले. एटीएमच्या व्यवहारांत चोरट्यांनी बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाणारी विचारणा मध्येच वळविली आणि बनावट यंत्रणेकडून ‘पैसे द्यावेत’ असे उत्तर देवविले. येथे प्रिंटर नव्हता, पण तत्त्व तेच होते. जी बातमी मूळ ठिकाणी पोहोचावयास हवी होती ती पोहोचली नाही आणि ती पोहोचली नाही, हे तत्काळ कोणाच्या ध्यानात आले नाही.

बिघाड शोधण्याची रीत

याचा अर्थ प्रत्येक बंद प्रिंटरमागे चोर दडलेला आहे, असा मुळीच नव्हे. बहुसंख्य बिघाड खरोखरच साधे असतात. परंतु साधा बिघाड साधा आहे, हे पद्धतशीर तपासणीनेच ठरते. ती तपासणी बाहेरून आत जावी.

प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. वीज, कागद, शाई, तार आणि यंत्रावरील दिवे येथेच बरेच बिघाड सापडतात. त्यानंतर एक चाचणी पृष्ठ थेट प्रिंटरवरील बटणाने छापून पाहावे. ते नीट छापले गेले, तर यंत्र ठणठणीत असून दोष त्याच्या आणि संगणकाच्या दरम्यान आहे, असे समजते. मग त्याच प्रिंटरवर दुसऱ्या संगणकावरून छपाई करून पाहावी. ती झाली, तर दोष पहिल्या संगणकात आहे. अशा रीतीने संशयाचे क्षेत्र प्रत्येक पायरीला निम्मे होत जाते.

संगणकाच्या सेटिंगमध्ये काही दोष वारंवार आढळतात. विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत प्रिंटर ‘ऑफलाइन’ वापरण्याचा एक पर्याय असतो. त्यावर चुकून खूण झाली की चांगला चालणारा प्रिंटरही बंद असल्याचे दिसते. विंडोज १० पासून नेहमीचा प्रिंटर कोणता, हे संगणकाने स्वतःच ठरवावे अशी एक सोय आली. ती चालू असेल, तर शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप ‘नेहमीचा’ ठरतो आणि कागद भलत्याच मजल्यावर छापले जातात. नेटवर्कवरील प्रिंटरच्या पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ नावाचा एक चौकोन असतो. त्याद्वारे संगणक प्रिंटरची खुशाली विचारतो. त्या विचारण्याला उत्तर मिळाले नाही, तर प्रिंटर शाबूत असूनही पडद्यावर तो ‘ऑफलाइन’ दिसतो. प्रिंटरचा नेटवर्कवरील पत्ता बदलला, तर संगणक जुन्याच पत्त्यावर निरोप धाडीत राहतो. भाडेकरू घर सोडून गेला, तरी पत्रे जुन्या दारी येत राहावीत, तसे हे असते.

या तपासणीत तीन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते. बदल करण्यापूर्वी मूळ सेटिंग कागदावर उतरवून ठेवावी, म्हणजे मागे फिरता येते. पडद्यावर चुकीचा संदेश उमटला असेल, तर तो पुसण्यापूर्वी जसाच्या तसा लिहून घ्यावा. ‘काहीतरी एरर आला होता’ या वाक्यातून संगणक विभागाला काहीही बोध होत नाही. आणि जे संगणक पैशांचे आदेश पाठविण्यासाठी राखून ठेवलेले असतात, त्यांच्या सेटिंगला शाखेतील कोणी परस्पर हात लावूच नये. तेथील दुरुस्ती हे अधिकृत विभागाचेच काम होय.

रिकामी रांग

छपाईचा आदेश संगणकाकडून थेट प्रिंटरकडे जात नाही. तो आधी एका रांगेत उभा राहतो. या व्यवस्थेला स्पूलर म्हणतात. साध्या बिघाडात प्रिंटर बंद असला, तरी आदेश सहसा नाहीसे होत नाहीत, रांगेत तिष्ठत राहतात. प्रिंटर सुरू झाला की साचलेले कागद एकामागून एक बाहेर पडतात. रेशनच्या दुकानाचे दार उघडले नाही, तर दाराबाहेरची रांग वाढते, तसेच हे.

म्हणून बंद प्रिंटरकडे पाहताना रांगेकडेही पाहावे. दिवसभर कामकाज झाले आहे, प्रिंटर बंद आहे आणि रांगेत बरेच आदेश खोळंबले आहेत, तर दोष बहुधा प्रिंटरपाशी किंवा त्याच्या तारेपाशी आहे. पण कामकाज झाले आहे, प्रिंटर चाचणी पृष्ठ बिनचूक छापतो आहे आणि तरीही रांग रिकामी आहे, तर प्रश्न गंभीर होतो. जे संदेश यावयास हवे होते ते येथवर आलेच नाहीत. मग ते कोठे थांबले, हे शोधावयास हवे. अर्थात केवळ या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. रांग बिघडते, कोणी ती रिकामीही करतो. परंतु ‘प्रिंटर चालत नाही’ आणि ‘प्रिंटरकडे काही येत नाही’ ही दोन निराळी वाक्ये आहेत, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ साधते.

दुरुस्तीपूर्वीचे चार प्रश्न

कोणत्याही बिघाडाला हात घालण्यापूर्वी कर्मचाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे यंत्र मला कोणती माहिती देत होते? पत्रे छापणारा प्रिंटर बंद पडला, तर गैरसोय होते. पोचपावत्या छापणारा प्रिंटर बंद पडला, तर पहारा उठतो. दोन्ही यंत्रे दिसायला सारखीच असली, तरी त्यांच्या बंद पडण्याचे मोल सारखे नसते.

दुसरा प्रश्न : तीच माहिती दुसऱ्या मार्गाने मिळेल काय? प्रिंटर दुरुस्त होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. खात्याचा उतारा, दुसऱ्या संगणकावरील नोंदी, समोरच्या बँकेशी दूरध्वनी, यांपैकी जो मार्ग बिघडलेल्या यंत्रावर अवलंबून नाही, त्याने हिशेब जुळवून घ्यावा. दुरुस्ती उद्या झाली तरी चालेल, पण ताळमेळ आजच व्हावा. या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच.

तिसरा प्रश्न : बिघाडाची वेळ कोणती? ढाक्याच्या चोरट्यांनी आठवड्याची अखेर आणि सणाची सुटी यांची सांगड घातली होती. पुण्यातील ११ ऑगस्टचा दिवसही महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा होता. कार्यालय बंद होता होता, सुटीच्या तोंडावर किंवा सुटीत पहारा देणारे यंत्र गप्प झाले, तर ते काम पुढच्या कामकाजाच्या दिवसावर ढकलू नये.

चौथा प्रश्न : हे कोणाला कळविले पाहिजे? भारतीय रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकाने सायबर सुरक्षेची चौकट आखून दिली. त्यात असाधारण सायबर घटना दोन ते सहा तासांत कळविण्याची अपेक्षा होती. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेनेही एप्रिल २०२२ मध्ये अशा घटनांची माहिती सहा तासांत देण्याचे निर्देश काढले. ही मुदत वरिष्ठ कार्यालयासाठी असली, तरी तिची सुरुवात शाखेतील टेबलापासूनच होते. खाली चार तास गेले, तर वर दोनच उरतात. संशय आल्यास यंत्र नेटवर्कपासून वेगळे करावे, मात्र सुरक्षा विभागाच्या सूचनेवाचून ते पुसून नव्याने बसवू नये. चोर कसा आला, याचा पुरावा त्याच्याच पोटात असतो.

या चार प्रश्नांबरोबरच बिघाडांची एक साधी नोंदवही ठेवावी. दिनांक, वेळ, लक्षण, केलेला उपाय आणि गुण आला किंवा नाही, एवढे पाच रकाने पुरेत. एकटा बिघाड मुका असतो. महिन्याभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की त्यांतून अर्थ उमटू लागतो.

व्यवस्थेच्या पातळीवरही फेब्रुवारी २०१८ नंतर सुधारणा झाल्या. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा सावध केल्याचे रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात जाहीर केले आणि सुरक्षेचे उपाय अमलात आणण्यासाठी मुदती घालून दिल्या. स्विफ्टची यंत्रणा बँकेच्या मूळ लेखाप्रणालीशी थेट जोडणे हा त्या काळातील महत्त्वाचा बदल होय. खात्यात नोंद नसलेला आदेश बाहेर जाऊच नये, हा त्यामागील विचार. मात्र कोणतीही जोडणी माणसाच्या लक्षाची जागा घेऊ शकत नाही.

ग्राहकाच्या हातातील प्रिंटर

येथवरचे विवेचन वाचून हा बँकेच्या अंतर्गत कामकाजाचा विषय आहे, असे एखाद्या ग्राहकाला वाटेल. वस्तुतः प्रत्येक ग्राहकाच्या खिशातही एक पोच देणारे यंत्र असते. ते म्हणजे त्याचा मोबाइल फोन. खात्यातून रक्कम गेली की त्यावर लघुसंदेश येतो. हा संदेश म्हणजे ग्राहकाची पोचपावतीच. तेव्हा कुंभकोणमचा प्रिंटर आणि ग्राहकाचा फोन यांचे काम एकच आहे आणि त्यांना गप्प करण्याची चोरट्यांची युक्तीही एकच आहे.

फोनवरील नेटवर्क अचानक गेले, शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनवर मात्र ते आहे आणि फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी येत नाही, तर ही केवळ गैरसोय समजू नये. कोणीतरी बनावट कागदपत्रे देऊन त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घेतले असण्याची शक्यता असते. नवे कार्ड सुरू झाले की जुने मुके होते आणि बँकेचे संदेश परक्या हातात जाऊ लागतात. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मोबाइल कंपनीला कळवावे. नेटवर्क परत येण्याची वाट पाहात रात्र घालवू नये.

सारे काही सुरळीत असून फक्त येणारे कॉल बंद झाले असतील, तर फोनच्या सेटिंगमधील ‘कॉल फॉरवर्डिंग’ पाहावे. तेथे अनोळखी क्रमांक दिसला, तर तो तत्काळ काढावा. ‘तुमच्या फोनमध्ये बिघाड आहे, हा क्रमांक दाबा’ असे सांगून ग्राहकाच्याच हातून त्याचे कॉल वळविण्याचे प्रकार घडल्यामुळे, क्रमांक दाबून कॉल वळविण्याची सोय दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये थांबवावयास लावली.

बँकेचे संदेश येणे बंद झाले असेल, तर संदेश अडविण्याची सेटिंग चालू झाली आहे काय आणि बँकेत नोंदविलेला क्रमांक आपलाच आहे काय, या दोन गोष्टी तपासाव्यात. दरम्यान पासबुक भरून घ्यावे किंवा एटीएमवर संक्षिप्त उतारा पाहावा. ताळमेळ आजच, हा नियम ग्राहकालाही लागू आहे.

एका गोष्टीची मात्र विशेष दक्षता घ्यावी. बिघाड दुरुस्त करून देतो असे सांगणारा अनोळखी माणूस हाच पुष्कळदा खरा बिघाड असतो. दुरून संगणक अथवा फोन हाताळू देणारी ॲप उपयुक्त आहेत, पण ती बसवून त्यांचा संकेतांक परक्याला सांगणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या देण्यासारखे होय. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये अशा ॲपच्या गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. बँकेचा कोणताही कर्मचारी दुरुस्तीसाठी पिन, पासवर्ड किंवा ओटीपी विचारीत नाही. मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा.

फसवणूक झालीच, तर वेळ हेच धन. बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा वेळेशीच जोडली. दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार येऊ नये, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर मात्र जबाबदारी वाढत जाते. आपल्या बँकेचे सध्याचे नियम प्रत्येक ग्राहकाने शाखेत विचारून घ्यावेत.

जागेपणाचा हिशेब

चोरांची साधने बदलत जातात. आज प्रिंटर गप्प करणारा उद्या दुसऱ्या कोणत्या यंत्राला मुके करील, हे सांगता येत नाही. म्हणून यंत्रापेक्षा त्याचे काम ध्यानात ठेवणे श्रेयस्कर. जे यंत्र बोलत होते ते गप्प झाले, की ते कोणती बातमी देत होते हे आठवावे आणि ती बातमी दुसऱ्या वाटेने मिळवावी. मग खुशाल दुरुस्तीला हात घालावा.

सिटी युनियन बँकेत त्या दिवशी कोणी मोठा तज्ज्ञ धावून आला म्हणून दोन रकमा वाचल्या, असे नव्हे. रोजचा ताळमेळ कोणीतरी रोजच्यासारखा घेतला, नोंदीशी नोंद लावून पाहिली आणि तीन आदेश जास्तीचे निघाले. हे काम कंटाळवाणे असते आणि वर्षातील बहुतेक दिवशी त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. तरीही ते रोज करावयाचे असते, कारण ज्या दिवशी ते उपयोगी पडते तो दिवस आधी सांगून येत नाही.